मिजिगिती : एका दानलेखाचे वाचन

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा कुठेही सुरू झाली की दोन प्रश्न ठरलेले असतात. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही ते होते आणि आजही ते सुटलेले नाहीत. पहिला प्रश्न बाहेरून येतो : तुमची भाषा उर्दू, मग तुम्ही मराठीत कसे लिहिता? दुसरा आपल्याच माणसांकडून येतो : दीनच्या गोष्टी या भाषेत सांगता येतात का? शब्द बदलला की अर्थ बदलणार नाही का?

पहिल्या प्रश्नाला आपण शेख महंमद आणि शाह मुंतोजी यांची नावे घेऊन उत्तर देतो. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्यासाठी मोठा आधार आहेत, यात शंका नाही. पण दुसऱ्या प्रश्नापाशी आपण अडखळतो. संतकवींचा मार्ग सूफी होता, त्यांचे शब्द साधनेचे होते, असे म्हणून समोरचा माणूस आपल्याला सहज बाजूला सारतो. मशीद, जमात, इमाम, वक्फ, हिशेब अशा रोजच्या आणि कायद्याच्या व्यवहारात स्थानिक भाषेने मुसलमानांना साथ दिली का, हे त्याला दाखवावे लागते. त्यासाठी काव्यग्रंथ बाजूला ठेवून जमिनीची कागदपत्रे वाचली पाहिजेत. आपल्या समीक्षेने ती कधी वाचली नाहीत. ते काम इतिहासकारांचे, असे आपण गृहीत धरले.

या लेखात मी असाच एक दानलेख वाङ्मय म्हणून वाचणार आहे. तो सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा, वेरावळ-सोमनाथचा आहे आणि १२६४ सालचा आहे. कोकणच्या मुसलमानांना तो परका वाटू नये. ज्या समुद्रवाटेने होर्मुझची जहाजे वेरावळला येत, तीच वाट पुढे चौल, गोवा आणि कालिकतला जात होती.

लेख दोन शिलांवर, दोन भाषांत आहे. संस्कृत शिला वेरावळच्या हर्षद मातेच्या मंदिरात सापडली. अरबी शिला प्रभास पाटणच्या काझीच्या मशिदीत. दोन्ही शिला मूळ मशिदीपासून दूर गेलेल्या आणि एकमेकींपासूनही दुरावलेल्या. संस्कृत मजकूर हुल्ट्झ यांनी १८८२ साली प्रसिद्ध केला, पुढे दिनेशचंद्र सरकार यांनी तो पुन्हा तपासून वाचला. अरबी मजकूर झियाउद्दीन देसाई यांनी १९६१ च्या सुमारास छापला. देसाईसाहेब नागपूरच्या अरबी-फारसी शिलालेख विभागाचे प्रमुख राहिले, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. या विद्वानांनी अक्षरे लावून दिली, म्हणून आपल्याला वाचता येते.

घटना साधी आहे. होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज, अबू इब्राहीमचा मुलगा, सोमनाथला व्यापारासाठी येत असे. गुजरातेत तेव्हा वाघेला अर्जुनदेवाचे राज्य होते. फिरोजने नगराबाहेर सीकोत्तरी भागात जागा घेतली, तिथे मशीद बांधली आणि तिच्या खर्चासाठी उत्पन्न लावून दिले. त्याला आपण वक्फ म्हणू. गझनीच्या महमूदाने १०२६ साली सोमनाथवर घाला घातला होता. त्यानंतर २३८ वर्षांनी, त्याच गावी, त्याच देवस्थानाच्या पुजाऱ्यांच्या साक्षीने हा व्यवहार झाला.

संस्कृत लेखातला सर्वांत जिवंत भाग हिशेबाचा आहे. मशिदीला काय दिले, तर बउलेश्वर देवाच्या मालकीची, घरांनी भरलेली नगरातली एक पल्लडिका, म्हणजे वाडी. ती देवस्थानाचे स्थानपती त्रिपुरांतक आदींकडून रीतसर घेतलेली. शिवाय एक तेलाची घाणी आणि मशिदीसमोरची दोन दुकाने. विकणाऱ्यांची नावे आहेत, सीमा आहेत, साक्षीला नगरातले बडे लोक आहेत. पाशुपत आचार्य वीरभद्र आणि पंचकुलाचा अभयसिंह यांची नावे त्यांत येतात. जागा मिळवून देणारा स्थानिक सरदार श्रीछाडा याला लेखात फिरोजचा ‘धर्मबांधव’ म्हटले आहे.

या उत्पन्नातून कशाचा खर्च करायचा? दिव्याचे तेल. पाणी. मालिम, म्हणजे मुअल्लिम. मोदिन, म्हणजे मुअज्जिन. महिन्याचे पठण करणारा वाचक. खलाशांच्या रिवाजाप्रमाणे शब-ए-बरात आणि खत्मची रात्र. दरवर्षीचा चुना आणि डागडुजी. इतके करून जे शिल्लक राहील ते मक्का-मदिनेला पाठवावे. देखरेख कुणी करावी, तेही सांगितले आहे : नाखुदा आणि खलाशांची जमात, घांची म्हणजे तेल्यांची जमात आणि तिचा खतीब, चुनेवाल्यांची जमात, आणि इतर मुसलमानांची जमात.

आमच्या गावच्या मशिदीची जमातीची जुनी वही मी लहानपणी पाहिली आहे. रकाने मराठीत, अक्षर मोडीवळणाचे. दिवाबत्ती, पेशइमामाचा पगार, बांगी, चुना, शब-ए-बरातची नियाज, विहिरीचा रहाट. हा लेख वाचताना मला प्रथम ती वही आठवली. साडेसातशे वर्षांत खर्चाच्या बाबी जवळजवळ तशाच राहिल्या. आणखी एक गोष्ट तशीच राहिली : मशिदीचे दीन अरबीत आणि मशिदीचा हिशेब गावच्या भाषेत. होर्मुझच्या या माणसाच्या मशिदीचा हिशेब संस्कृतात लिहिला गेला, कारण तिथे कागदाची भाषा संस्कृत होती.

आता शब्दांकडे येऊ. लेखाची सुरुवात विश्वनाथाला नमस्कार करून होते. त्याला विश्वरूप म्हटले आहे, शून्यरूप म्हटले आहे, दिसणारा आणि न दिसणारा म्हटले आहे. हिजरी सन सांगताना प्रेषितांना (स.) ‘बोधक रसूल महंमद’ म्हटले आहे. मशिदीला ‘मिजिगिती धर्मस्थान’. नमाज आणि इबादतीला ‘पूजा’. उत्पन्नाच्या साधनाला ‘आयपद’. सन चार दिले आहेत : हिजरी ६६२, विक्रम संवत १३२०, वलभी संवत ९४५ आणि सिंह संवत १५१.

या यादीत एक धोरण दिसते. ज्या गोष्टी कल्पनेच्या आहेत त्यांचे भाषांतर केले आहे : ईश्वर, उपासना, प्रेषिताचे कार्य, पुण्यस्थान. ज्या गोष्टी नावाच्या आहेत त्या तशाच ठेवल्या आहेत, फक्त त्यांचा उच्चार संस्कृत जिभेला जुळवला आहे : मस्जिदची मिजिगिती, जमातची जमाथ, मुअज्जिनचा मोदिन, फिरोजचा पिरोज. ‘मुसलमान’ हा शब्दही लेखात आहे. ‘रसूल’ हा शब्द ठेवला आणि त्याच्याआधी ‘बोधक’ जोडला, म्हणजे ज्याला रसूल समजत नाही त्यालाही काम समजावे. मिजिगितीपुढे धर्मस्थान याच कारणासाठी आले.

हे धोरण मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकाच्या ओळखीचे आहे. आपल्या कथेत ‘फातिहा’, ‘चालिसा’, ‘इद्दत’ आले की संपादक कंसात अर्थ मागतो. अर्थ दिला तर वाक्य लंगडे होते, नाही दिला तर कथा परत येते. त्या अनाम संस्कृत लेखकाने कंस वापरला नाही. त्याने परका शब्द वाक्यात बसवला, त्याला विभक्ती लावली, शेजारी ओळखीचा शब्द ठेवला आणि पुढे गेला. शब्द त्याच भाषेत नांदू लागला. मराठीनेही हेच केले आहे. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याला आपण नाखवा म्हणतो, तो नाखुदाच आहे. त्या शब्दाचा अर्थ कंसात द्यावा असे कुणालाही कधी वाटले नाही.

पण इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. अल्लाहला विश्वनाथ म्हणणे योग्य आहे का? विश्वनाथ हे शंकराचे नाव आहे, आणि हा लेख शंकराच्या सर्वांत प्रसिद्ध क्षेत्रातला आहे. कुणी म्हणेल की ही शब्दांची मखलाशी आहे. नगरातल्या लोकांना गोड वाटावे म्हणून केलेली. कुणी म्हणेल हा शिर्क आहे.

माझे उत्तर असे. रोजच्या प्रत्येक नमाजात आपण सूरह फातिहा पढतो. तिच्या सुरुवातीलाच अल्लाहला रब्बुल आलमीन म्हटले आहे. त्याचे संस्कृत करायला बसलो तर ‘विश्वनाथ’ याहून जवळचा शब्द कोणता सापडेल? ‘शून्यरूप’ हा शब्दही विचारपूर्वक घेतलेला दिसतो. ज्याला आकार नाही, ज्याची मूर्ती होऊ शकत नाही, त्याला मूर्तिपूजकांच्या नगरात कसे सांगावे, या अडचणीतून तो शब्द आला असावा. तरीही मी एक गोष्ट कबूल करतो. ‘विश्वनाथ’ हा शब्द वाचताना जमातीतल्या माणसाला एक ऐकू येत असेल आणि पाशुपत आचार्याला दुसरे. लेखाने ही दुहेरी सोय जाणूनबुजून ठेवली असणे शक्य आहे. भाषांतराला हा धोका कायमचा असतो. तो पत्करल्याशिवाय एका माणसाचा विश्वास दुसऱ्याच्या कानापर्यंत जातच नाही.

हेही ध्यानात ठेवू की लेख फिरोजच्या हातचा नाही. तो बहुधा स्थानिक पंडिताने रचला असणार. फिरोजला संस्कृत येत असेल असे मानण्याचे कारण नाही. म्हणजे हा मजकूर दोघांचा आहे. एकाने काय सांगायचे ते सांगितले, दुसऱ्याने आपल्या भाषेत ते कसे बसेल ते पाहिले. मुसलमान दात्याचा विश्वास संस्कृतात उतरवण्यासाठी कुणी एक पंडित बसला, शब्द शोधू लागला, आणि त्याला ‘शून्यरूप’ सापडला. या गोष्टीचे मोल मला त्या मशिदीइतकेच वाटते.

आता अरबी शिला. तिची तारीख २७ रमजान ६६२ आहे, संस्कृत लेखाच्या सुमारे दोन महिन्यांनंतरची. मजकूर संस्कृतपेक्षा आटोपशीर आहे. फिरोजला भरघोस बिरुदे आहेत : खलाशांमधला राजपुत्र, व्यापाऱ्यांचा राजा, इस्लाम आणि मुसलमानांचा सूर्य. तिच्यात एक दुआही आहे. अल्लाहने सोमनाथ हे इस्लामच्या शहरांपैकी एक करावे आणि तिथून कुफ्र आणि मूर्ती दूर कराव्यात, असा तिचा आशय आहे.

हा लेख उद्धृत करणारे लोक साधारणपणे दोन प्रकारचे असतात. एकोप्याची उदाहरणे गोळा करणारे संस्कृत शिला पुढे करतात आणि अरबीतल्या दुआबद्दल मौन पाळतात. आपल्यातले बरेच भाषणकर्ते या गटात मोडतात. मीही काही व्यासपीठांवर तसे केले आहे. दुसरे लोक फक्त ती दुआ उचलतात आणि म्हणतात, पाहा, तोंडावर विश्वनाथ आणि मनात मूर्तिभंजन. दोघेही एकेकच शिला वाचतात. रोमिला थापर यांनी २००४ च्या सोमनाथवरील ग्रंथात या स्थळाविषयीच्या अनेक साधनांचे आवाज शेजारी शेजारी ठेवले. समीक्षकाने तेच करायला हवे.

दोन्ही शिला एकत्र वाचल्या तर काय दिसते? अरबी लेख आपल्या लोकांसाठी आहे. त्यात त्या काळच्या अरबी शिलालेखांची ठरीव भाषा आहे. बिरुदेही ठरीव, दुआही ठरीव. ती दुआ खोटी होती असे मी म्हणत नाही. धर्मनिष्ठ माणसाला आपला धर्म पसरावा असे वाटते. मंदिराच्या शिलालेखातही राजाने म्लेंच्छांचा नाश करावा अशी वाक्ये सापडतात. पण त्याच माणसाने त्याच वर्षी आपली मशीद कुणाच्या भरवशावर सोडली ते संस्कृत लेख सांगतो. त्याने जागा विकत घेतली. देवस्थानाच्या स्थानपतींना दाम दिले. पाशुपत आचार्याला साक्षीला बसवले. मनात एक इच्छा असणे आणि शेजाऱ्याशी सचोटीचा व्यवहार करणे, या दोन गोष्टी एका माणसात एकत्र राहू शकतात. आपणही रोज असेच जगतो. फिरोजला संत करण्याची गरज नाही आणि कपटी ठरवण्याचीही नाही.

संस्कृत लेखाचा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो. चंद्र-सूर्य असेतोवर हे दान टिकावे; जो कुणी हे धर्मस्थान किंवा त्याचे आयपद बुडवील त्याला पंचमहापातकांचा दोष लागेल आणि तो नरकात जाईल. कोकणातल्या गधेगाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना शापाची ही रीत ठाऊक आहे. पण इथे तिने मशिदीचे रक्षण केले आहे. मशीद बुडवणाऱ्याला ब्रह्महत्येच्या जोडीचे पाप लागेल, असा याचा अर्थ. कायद्याच्या कलमापेक्षा हे वचन नगरातल्या माणसाला अधिक बांधून ठेवत असणार, कारण ते त्याच्या स्वतःच्या धर्माच्या शब्दांत होते.

सोमनाथचा लेख एकटा असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पण हा सगळा पश्चिम किनारा अशा लेखांनी भरलेला आहे.

आपल्या महाराष्ट्रातच पाहा. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी गावी १९५५ साली ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळचा आहे. संजाण प्रांताचा अधिकारी होता एक ताजिक, म्हणजे अरब मुसलमान. त्याचे नाव मुहंमद. ताम्रपटात ते ‘मधुमति’ झाले आहे, मधुर बुद्धीचा. त्याला ‘सुगतिप’ असेही नाव होते. त्याने नदीवर फुकट होड्या ठेवल्या, अन्नछत्र घातले, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. आणि याच मधुमतीच्या अधिकारात भगवतीच्या मठिकेला जमीन मिळाली. सोमनाथला देवस्थानाची जागा मशिदीकडे आली, संजाणला मुसलमान अधिकाऱ्याच्या हातून जमीन देवीच्या मठाकडे गेली. दोन्ही दाने एकाच भाषेत, एकाच साच्यात नोंदली गेली.

याच सुमारास, हिजरी ३०४ मध्ये, अल-मसऊदी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला होता. तिथे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहिले. त्यांत याच देशात जन्मलेले, बयासिरा म्हणवले जाणारे लोक होते. बल्हराच्या राज्यात मुसलमानांना मान आहे, त्यांच्या मशिदी आहेत आणि त्या भरलेल्या असतात, असेही तो सांगतो. कोकणी मुसलमानांची शाफई परंपराही याच सागरी नात्याची खूण आहे.

गोव्याची गोष्ट तर कथाकाराला सुचावी अशी आहे. कदंब राजा गुहल्लदेव जहाजाने सोमनाथच्या यात्रेला निघाला आणि वाटेत डोलकाठी मोडली. त्याला मदत केली ती एका धनाढ्य ताजिक व्यापाऱ्याने. त्याच घराण्यातला छडम पुढे जयकेशी पहिला याच्या दरबारी मोठा कारभारी झाला. त्याने गोव्यात मशीद बांधली, आणि १०५९ सालच्या ताम्रपटाने वेगवेगळ्या बंदरांतून येणाऱ्या जहाजांवरचा कर त्या मशिदीच्या खर्चाला लावून दिला. तिथेही शब्द ‘मिजिगिती’च आहे. सोमनाथच्या लेखाच्या दोनशे वर्षे आधी हा शब्द किनाऱ्यावर रुळलेला होता.

कालिकतच्या मुच्चुंदी मशिदीत तेराव्या शतकातला शिलालेख आहे, तोही द्विभाषिक : अरबी आणि जुनी मलयाळम. शिहाबुद्दीन रैहान नावाच्या, मालकाने मुक्त केलेल्या एका गुलामाने स्वतःच्या पैशाने जागा घेऊन मशीद आणि विहीर केली. तिच्यासाठी सामुतिरी राजाने तांदळाची नेमणूक केली. वक्फ म्हटले की आपल्यासमोर सुलतान आणि नवाब उभे राहतात. या किनाऱ्यावर एका मुक्त गुलामानेही वक्फ केला, हे आपल्या लेखकांनी लक्षात ठेवावे.

हा सुवर्णकाळ होता असे मात्र मी म्हणणार नाही. औफीने ‘जवामिउल हिकायात’मध्ये खंभातची हकीकत दिली आहे. दंगल झाली, मशीद आणि मनोरा पाडला गेला, ऐंशी मुसलमान मारले गेले. तिथला खतीब अली राजा सिद्धराज जयसिंहाकडे दाद मागायला गेला. राजाने वेष पालटून स्वतः खंभातला जाऊन चौकशी केली, दोषींना शिक्षा दिली आणि मशीद पुन्हा बांधायला एक लाख बालोत्रे दिली. कथेत भर पडली असेल. पण तिच्यातला एक तपशील मला विलक्षण वाटतो. खतीब अलीने आपली फिर्याद हिंदवी कवितेत मांडली, असे औफी सांगतो. ऐंशी माणसे गमावलेल्या जमातीचा प्रतिनिधी न्याय मागायला गेला, तो राजाला कळेल अशा भाषेत, कविता करून. मुस्लिम लेखक स्थानिक भाषेत का लिहितो, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

व्यापारात सगळ्यांचा फायदा होता, म्हणून हे चालले. यात कौतुक कसले, असेही कुणी म्हणेल. फायदा होताच. बंदराचा कर राजाला हवा होता, घोडे आणि माल नगराला हवा होता. पण फायद्यासाठी जहाजे आली की लगेच मशिदीसाठी पंचमहापातकांचा शाप लिहिला जात नाही. तिथे व्यवहाराच्या पुढे जाऊन कुणीतरी कुणाची तरी जबाबदारी घेतलेली असते.

शेवटी आजच्या गोष्टीकडे येतो, कारण हा विषय आज निव्वळ पुराणवस्तूंचा राहिलेला नाही. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने, दीर्घ वापरातून सिद्ध होणारा वक्फ ही संकल्पना पुढच्या काळासाठी काढून टाकली. त्यावर न्यायालयात वाद झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदींना अंतरिम स्थगितीही दिली. त्या कायद्याचे गुणदोष हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे मला एवढेच सांगायचे आहे की आमच्या गावी मशिदीच्या दिवाबत्तीसाठी कुणा आजीने तोंडी दिलेली चार माडांची जागा होती. सगळ्या गावाला ती ‘मशिदीची वाडी’ म्हणून ठाऊक होती. हिंदू शेजारीही त्या माडांचे पडलेले नारळ आणून मशिदीच्या पायरीवर ठेवीत. कागद कुणी केला नाही. जाणती माणसे गेली, आणि वाडी कुणाच्या तरी नावावर चढली. दोष मी कुणा एकाला देत नाही. आम्हीच लिहून ठेवले नाही.

फिरोज परदेशी होता. आज आहे, उद्या वाऱ्याबरोबर जाईल. म्हणून त्याने लिहून ठेवले. जागा कुठली, कुणाकडून घेतली, साक्षीला कोण, खर्च कशावर, शिल्लक कुठे. आणि ते त्याने शेजाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत लिहवून घेतले. अरबी शिला त्याने अल्लाहसाठी आणि आपल्या माणसांसाठी लावली. मशीद टिकण्यासाठी त्याला संस्कृत शिला लागली. शेजाऱ्याला जे वाचता येत नाही, त्याचा तो साक्षीदार कसा होणार?

मुस्लिम मराठी लेखकाने आपल्या कामाकडे या नजरेने पाहावे असे मला वाटते. आपण मराठीत लिहितो ते कुणाला आपले मराठीपण पटवून देण्यासाठी लिहीत नाही, आणि त्यामुळे दीनला बाधही येत नाही. आपण काय मानतो, कसे राहतो, आपले काय हरवले, याची नोंद शेजाऱ्याच्या भाषेत ठेवतो, म्हणजे उद्या कुणी विचारले तर साक्ष द्यायला तो असेल. मिजिगिती हा शब्द व्याकरणाच्या दृष्टीने अशुद्ध आहे, संस्कृतातही आणि अरबीतही. पण गोव्यापासून वेरावळपर्यंत दोन शतके त्या एका अशुद्ध शब्दाखाली दिव्याला तेल मिळत राहिले. आपल्या वहीतले रकानेही तसेच भरत राहू या.